डायरीत न आलेला मेकअपचा खर्च

लग्नाचा खर्च लिहायची डायरी बहुतेक घरात मुलीच्या वडिलांकडे असते. हॉल, केटरर, गुरुजी, फोटोवाला, घोडा, बँड, आहेराच्या साड्या, सगळं तारखेनिशी लिहिलेलं असतं, कोणाला किती अॅडव्हान्स दिला आणि किती बाकी आहे ते सुद्धा. आणि त्याच डायरीत एका ओळीत "मेकअप" असं लिहून पुढे एकच आकडा असतो. तो आकडा म्हणजे पॅकेज. पॅकेजच्या पुढे जे काही लागतं ते मुलीची आई देते, स्वतःच्या पर्समधून, लग्नाच्या दिवशी पहाटे, बाहेर सनई लावून झालेली असते तेव्हा, आणि ते पैसे कुठल्याच डायरीत येत नाहीत. मला याबद्दलच लिहायचंय, कारण गेल्या डिसेंबरात माझ्या भाचीचं लग्न झालं आणि मेकअपची सगळी बाजू ताईने माझ्याकडे दिली होती, मी अकाउंटचंच काम करते म्हणून असेल कदाचित, आणि मी लग्न झाल्यावर बसून एकेक रुपया लिहून काढला.

पॅकेज होतं २२,००० चं. दोन लुक, एक लग्नाचा आणि एक संध्याकाळच्या रिसेप्शनचा. नाशिकला गंगापूर रोडवर स्टुडिओ, मुलगी कामाला खरंच चांगली, तिने केलेल्या नवऱ्या आम्ही दोन-तीन लग्नात प्रत्यक्ष बघितलेल्या होत्या, नुसते इन्स्टावरचे फोटो बघून ठरवलं नव्हतं. एवढ्यात होतंय म्हणून सगळे खूश.

मग एकेक गोष्ट यायला लागली. ट्रायलचे २,५०० वेगळे. लग्न ओझरच्या बाजूला हायवेलगत एका लॉन्सवर होतं म्हणून जाण्यायेण्याचे २,०००. सकाळी सहाच्या आधी काम सुरू करायचं असेल तर त्याचे १,५००. भाचीचे केस खांद्याच्या थोडे खाली, त्याच्यावर भरदार अंबाडा काही बसत नाही, म्हणून एक्स्टेंशन आणि आतलं स्टफिंग, १,८००. आता मुख्य गोष्ट. आपल्याकडे नवरी एका साडीत लग्न लावत नाही ना, मामाकडून आलेली पिवळी अष्टपुत्री नेसून ती गौरीहराला बसते, आमच्यात मंगलाष्टकं पण त्याच साडीत होतात आणि मग साडी बदलून शालू नेसून पुढचे विधी, आता साडी बदलली की केसातली फुलं बदलतात, दागिने बदलतात, मुंडावळ्या सोडून पुन्हा बांधायच्या, लिपस्टिक सुद्धा एक शेड गडद करावी लागते. आपल्या दृष्टीने हे एकच लग्न. मेकअपवालीच्या दृष्टीने हा तिसरा लुक. त्याचे ३,०००. आणि तिचं चुकीचं पण नाही, कारण पाऊण तासाचं काम आहे ते आणि ते सुद्धा बाहेरून दर दोन मिनिटांनी कोणीतरी दार वाजवतंय आणि गुरुजी बोलावतायत अशा अवस्थेत.

भाड्याच्या दागिन्यांचे २,५००, तन्मणी, चिंचपेटी, बाजूबंद आणि रिसेप्शनचा मोठा सेट. डिपॉझिट घेतलेलं ते परत मिळालं म्हणून धरत नाही. गजरे-वेण्यांचे १,४००.

इथे गजऱ्यांबद्दल दोन शब्द लिहिते कारण हा खर्च नाशिकमधे कोणी मनावरच घेत नाही. आपल्याला वाटतं हे गुलशनाबाद होतं एकेकाळी, मोगलांनी या गावाला दिलेलं नावच ते, फुलांना काय कमी आहे. पण मोगरा उन्हाळ्याचा. एप्रिल-मे मधे ओंजळभर गजरे कोणी पण घरी आणतं आणि लग्नं मात्र आपली तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात, नोव्हेंबर-डिसेंबरात, जेव्हा थंडीने मोगऱ्याची कळी अगदी कमी येते आणि भाव कुठल्या कुठे जातो. मेकअपवाली "ताजी फुलं तुमच्याकडून" असं म्हणते ते याच कारणाने, तिला तो भाव आपल्या अंगावर घ्यायचा नसतो. डिसेंबरच्या लग्नात मोगऱ्याचा हट्ट नको असं माझं स्पष्ट मत आहे. शेवंती घ्या, अबोली घ्या, अबोलीचा वळेसर खोप्यावर किती छान दिसतो आणि तासन् तास टिकतो, मोगरा दुपारपर्यंत पिवळा पडतो.

आत्तापर्यंत नवरीचंच झालं. वरचे १४,७००.

आता बाकीच्या बायका. ताई, मी आणि करवली म्हणजे भाचीची चुलत बहीण, असं तिघींचं ठरलं होतं, प्रत्येकी २,५००, हेअर आणि मेकअप आणि साडी नेसवणं धरून. शिवाय आजी, दोन काकू आणि आत्या यांना नुसती साडी नेसवून हवी होती, काठापदराची जड साडी स्वतः नेसली की निऱ्या फुगतात म्हणून, त्याचे प्रत्येकी ४००.

आणि मग लग्नाच्या दिवशी सकाळी आठच्या सुमाराला खोलीचं दार उघडलं आणि विहीणबाई आणि नवऱ्या मुलाची बहीण आत आल्या. हातात साड्या. विहीणबाई खूप गोड बोलल्या, "आमची पार्लरवाली ऐनवेळी येत नाही म्हणाली हो, तुमच्या हिच्याकडून जरा होईल का आमचं," आणि ताईने एका क्षणाचा पण विचार न करता "अहो विचारताय काय, या ना, बसा" म्हणून स्वतःची खुर्ची रिकामी करून दिली. तिचा अर्धा बेस, म्हणजे चेहऱ्यावरचा पहिला थर, झालेला होता. त्याच अर्ध्या बेसवर ती उठली.

मला विहीणबाईंबद्दल मनात काही नाही. चांगल्या आहेत, भाचीला जपतात. त्यांना कल्पना पण नसेल की इथे माणशी पैसे लागतायत, त्यांना वाटलं असेल नवरीकडून बाई ठरवलीये तर त्यात सगळं आलं. आणि ताई त्यांना सांगणार कशी? मुलीच्या आईने विहिणीला, लग्नाच्या सकाळी, तुमचे अडीच हजार होतील असं सांगायचं? ते आपल्याकडे होऊच शकत नाही. मानपान या गोष्टीत मी कोणाला दोष देत नाही, मला एवढंच वाटतं की जे त्या सकाळी बोलता येत नाही ते दोन महिने आधी अगदी सहज बोलता येतं. लग्न ठरल्यावर बैठक होतेच ना, याद्या होतात, त्यात हॉल कोणाचा, जेवण कोणाचं, कपडे कोणी कोणाचे करायचे, सगळं कागदावर येतं आणि दोन्हीकडचे मोठे लोक त्यावर सह्या करतात. त्याच कागदावर एक ओळ घाला. आमच्याकडून मेकअपवाली येणार आहे, तुमच्याकडच्या कोणाकोणाचं करायचंय, संख्या सांगा, म्हणजे त्या मुलीला जास्तीची हेल्पर आणायला सांगता येईल. असं विचारलं तर समोरच्यांना आपुलकीच वाटते. पैसे कोण देणार हे मग ज्याच्या त्याच्या घरच्या रीतीने ठरतं, कितीतरी वेळा तेच म्हणतात की आमचं आम्ही देऊ.

तर पाच जणींचे १२,५००, साड्यांचे १,६००. वरचा खर्च सगळा मिळून २८,८०० झाला. पॅकेज २२,०००. एकूण ५०,८००.

यातलं पॅकेज, ट्रायल आणि गाडीखर्च एवढं दाजींनी जीपेवर दिलं होतं म्हणून ते डायरीत आलं, २६,५००. बाकीचे २४,३०० ताईने दिले. रोख. तिची भिशी लागली होती दिवाळीच्या आधी, ते पैसे तिने बाजूला ठेवले होते, तिला स्वयंपाकघरात नवीन ओटा करून घ्यायचा होता त्याच्यासाठी. माझे ठरलेले अडीच हजार सुद्धा तिनेच दिले, मी देते म्हटलं तर ऐकलं नाही.

लग्नानंतर आठवडाभराने मी हा कागद दाजींसमोर ठेवला. ताईला न विचारता ठेवला. दाजी सरळ माणूस आहे, त्यांनी दोनदा वाचलं आणि ताईला म्हणाले, हे तू मला सांगितलं का नाहीस, आणि ताई म्हणाली, त्या दिवशी तुमच्यामागे काय कमी होतं का. दाजींनी तिला पैसे परत दिले, ओटा पण झाला. पण किती घरात असा कागद कोणी करत असेल? आणि जिथे करत नाही तिथे त्या घराच्या मते मेकअपला २२,००० च लागले, पुढच्या मुलीच्या लग्नाला पण तोच आकडा धरून बजेट होणार, आणि पुन्हा कोणाची तरी भिशी जाणार. मला याचा खरंच त्रास होतो. बायकांनी दिलेले पैसे हे खर्चात का धरले जात नाहीत?

वेळेचा हिशोब पण पैशाचाच हिशोब आहे, तो आधी करून बघा. आमचा मुहूर्त १२ वाजून २० मिनिटांचा. नवरी साडेदहाला गौरीहराला बसायला हवी, त्याआधी फोटोवाल्याला तास हवाच असतो, म्हणजे साडेनऊला तयार. नवरीला अडीच तास लागतात, म्हणजे सातला तिचं सुरू. बाकीच्यांना प्रत्येकी पाऊण तास धरला तर तिघींचेच सव्वादोन तास, म्हणून मेकअपवालीला पहाटे पाचला लॉन्सवर यावं लागलं, म्हणजे ती घरून चारच्या सुमाराला निघाली असणार, डिसेंबरच्या थंडीत, आणि तिच्याबरोबरची असिस्टंट मुलगी तर सातपूरहून आधी तिच्याकडे आली असेल. तो सकाळचा दीड हजाराचा चार्ज मला मग अजिबात खुपला नाही. खुपतं ते एवढंच की पॅकेज सांगताना तो सांगितला जात नाही, आणि आपण पण विचारत नाही, कारण पैशाचं जास्त विचारलं तर आपण कंजूष वाटू ही भीती आणि तिला वाटतं जास्त सांगितलं तर गिऱ्हाईक जाईल ही भीती. दोन्हीकडच्या भीतीतून तो खर्च लपून राहतो. फसवणूक असते कधीकधी, नाही असं नाही. पण जास्त वेळा ही भीडच असते.

या मुलींचं पण बघायला हवं. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत चातुर्मास, त्यात बहुतेक घरात लग्नं नाहीत. मग थोड्याच महिन्यात वर्षाची कमाई करायची, त्यातले मुहूर्त पण एकाच दिवशी सगळ्यांचे येतात, एका दिवशी एकच नवरी घेता येते. प्रॉडक्ट महाग, त्यांची एक्स्पायरी होते. त्यामुळे "एवढे काय लागतात तोंडाला पावडर लावायला" असं कोणी त्यांच्यासमोर म्हटलेलं मला सहन होत नाही. घासाघीस करून पाचशे कमी करण्यापेक्षा काय काय लागणार ते आधी कळलेलं बरं.

मी आता ओळखीतल्या सगळ्यांना सांगते की अॅडव्हान्स द्यायच्या आधी व्हॉट्सअॅपवर एक सविस्तर मेसेज टाका, फोनवर नको, लिहून. पॅकेजमधे लुक किती आणि साडी बदलली तर तो वेगळा लुक धरणार का, ट्रायल आत की बाहेर, तुम्ही स्वतः करणार की असिस्टंट करणार, किती जणी येणार, लॉन्सचं लोकेशन हे आहे तर गाडीचे किती, किती वाजल्याच्या आधी आलं तर जादा, मुहूर्त लांबला तर तासाचे काही आहेत का, मेकअप करून निघून जाणार की टच-अपला थांबणार, एक्स्टेंशन-लेन्स-लॅशेस धरलेत का, पैठणी किंवा नऊवारी नेसवायचे वेगळे आहेत का (येवल्याची खरी पैठणी असेल तर तिच्या निऱ्या आदल्या दिवशी इस्त्री करून पिनअप करून ठेवतात, त्याचे काही जणी वेगळे घेतात आणि ते काम खरंच नाजूक असतं, जरीचा काठ दुमडला की गेला), आणि तारीख बदलली तर अॅडव्हान्सचं काय. चांगली मुलगी असेल तर ती एका तासात सगळ्याची उत्तरं देते. जी "ताई, तुम्ही टेन्शन नका घेऊ, आपण अॅडजस्ट करू" एवढंच लिहिते तिथे मी थांबायला सांगते.

जीएसटीचं पण एक सांगते कारण शेवटच्या बिलात तो शब्द अचानक येतो. पार्लर-सलूनच्या सेवांवर आधी १८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के झालाय. आणि ज्यांची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत आहे त्यांना सर्वसाधारणपणे नोंदणी करावी लागत नाही आणि ज्यांची नोंदणीच नाही त्यांना जीएसटी घेता पण येत नाही. त्यामुळे कोणी प्लस जीएसटी म्हटलं तर शांतपणे जीएसटी नंबर असलेलं बिल मागायचं. बिल आलं तर आनंदाने द्यायचा.

आणि एअरब्रश. आम्हाला पण सांगितलं होतं की एचडीच्या, म्हणजे ब्रश-स्पंजने हाताने लावतात त्या मेकअपच्या, ऐवजी एअरब्रश घ्या, ६,००० जास्त. एअरब्रशमधे छोट्या मशीनने अगदी बारीक फवारा मारून बेस देतात, घामाला टिकतो, मे महिन्यातल्या लग्नाला, तेलकट त्वचेला उत्तम. पण आपल्या भागात डिसेंबरात काय थंडी असते, निफाडचा पारा तर दरवर्षी पेपरात येतो, त्वचा फुटलेली असते, ओठांच्या कडेला पापुद्रे निघालेले असतात आणि अशा कोरड्या त्वचेवर तो फवारा पापुद्र्यांवर धरून बसतो, जवळून ते पांढरट दिसतं. ट्रायलला आम्ही एका गालावर हे आणि एका गालावर ते करून बघितलं, आणि भाचीनेच एचडी निवडलं. म्हणून मी म्हणते ट्रायलचे अडीच हजार वाचवू नका, त्याने आमचे सहा हजार वाचले. ट्रायल शक्यतो लग्न ज्या हवेत आहे त्याच हवेत करा, ऑक्टोबरच्या उकाड्यात केलेली ट्रायल डिसेंबरला उपयोगाची नाही.

२०२६-२७ मधे नाशिकमधे लग्न असेल त्यांना अजून एक. ऑक्टोबर २०२६ च्या शेवटी सिंहस्थाचं ध्वजारोहण आहे आणि २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात मोठी स्नानं. जुन्या वळणाच्या घरात सिंहस्थात लग्न करत नाहीत, त्यामुळे त्याआधीच्या मुहूर्तांवर गर्दी होणार हे धरूनच चाला आणि बुकिंग लवकर करा. जे सिंहस्थात करणार आहेत त्यांनी पर्वणीच्या आसपासची तारीख असेल तर मेकअपवाली कुठून येणार आणि रस्ते कुठले चालू असतील ते आधी बघा, पंचवटीतून पलीकडे यायला किती वेळ लागेल ते त्या दिवशी कोणी सांगू शकणार नाही, आदल्या रात्री तिला लॉन्सवरच राहायला खोली द्यावी लागली तर ती पण खर्चात धरा.

किती पैसे बाजूला ठेवायचे असं विचारलं तर मी म्हणेन पॅकेजइतकेच अजून, आणि घरात बायका जास्त असतील तर त्याहून थोडे जास्त. फेशियल, मेंदी, नेलआर्ट हे यात धरलेलंच नाही, ते वेगळं लिहा.

आणि यादीत आईचं नाव पहिलं लिहा. हे मी कळकळीने सांगते. प्रत्येक लग्नात मी बघते, वेळ कमी पडला की आईची खुर्ची जाते, पैसे कमी पडले की आईचा मेकअप जातो, "माझं काय गं, मी नुसती पावडर लावते" असं म्हणून ती उठते आणि कोणी तिला परत बसवत नाही. आमची ताई विहीणबाईंना जागा देऊन उठली ती दीड तास तशीच फिरत होती, अर्ध्या बेसवर, गुरुजींना नारळ शोधून देत. शेवटी मीच त्या असिस्टंट मुलीला म्हटलं की माझं राहू दे, आधी हिचं पूर्ण कर, आणि त्या मुलीने पंधरा मिनिटात इतकं सुंदर केलं, खोपा घातला, त्यावर अबोली लावली. कन्यादानाचा फोटो आहे ना, त्यात सगळ्यात जास्त वेळ लोक ताईकडे बघतात. माझं मग मीच उरकलं, साडी नेसवून मिळाली तेवढी पुरे झाली.

आईच्या बाबतीत अजून एक खर्च असतो तो म्हणजे केसांचा रंग, आणि तो ती लग्नाच्या दोन दिवस आधी घरीच लावते, नवीन कुठलंतरी पाकीट आणून. हे करू देऊ नका. केसांच्या बऱ्याच डायमधे आणि काळ्या मेंदीत पीपीडी नावाचं रसायन असतं, काहींना त्याची जोरदार अॅलर्जी येते, डोळे सुजतात, कपाळावर फोड येतात. पाकिटावरच लिहिलेलं असतं की ४८ तास आधी थोडासा लावून तपासा. तो रंग महिनाभर आधी पार्लरमधे लावून घ्या, काही झालं तर निस्तरायला वेळ राहतो, आणि ते पैसे पण डायरीत लिहा, मेकअपच्या ओळीखाली, आईच्या नावाने.

केटररला ताटांची संख्या देताना मेकअपवाली आणि तिच्या मुली त्यात धरा. पहाटे पाचपासून आलेल्या असतात, नाश्त्याच्या वेळी त्यांचे हात नवरीच्या केसात असतात आणि पंगत बसते तेव्हा त्या बॅगा भरत असतात, कोणी बोलावतच नाही. आमच्याकडे आजीने त्या दोघींना स्वतः नेऊन बसवलं आणि पुरणपोळीवर तूप वाढलं. भाचीच्या धाकट्या बहिणीचा साखरपुडा आता वैशाखात आहे, दाजींनी नवीन डायरी आणलीये आणि मेकअपसाठी पूर्ण एक पान ठेवलंय, याद्यांच्या दिवशी विहिणीकडच्या बायकांची संख्या विचारायचं काम पण त्यांनीच घेतलंय.